कलनची पेटी: गेममधल्या एका योद्ध्याचा ट्रॉमा, व्यसन आणि श्रद्धा

(हे आपल्या एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'आणि मग' जरा कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ड्रॅगन एजचे पहिले तीन गेम आणि ट्रेसपासर यांचे स्पॉइलर पुढे भरपूर आहेत. खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून या, आम्ही इथेच आहोत.)



आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. आपल्या एका श्रोत्याने पाठवली होती. त्याची परवानगी घेऊन सांगतोय, नाव अर्थातच नाही सांगणार. तो म्हणाला, "दादा, इन्क्विझिशनमध्ये मी कलनला सांगितलं की लिरियम परत घे. गेम संपून दोन महिने झाले, पण ते डोक्यातून जात नाहीये. कारण माझ्या मोठ्या भावाने दारू सोडली होती तेव्हा त्याची अवस्था मला बघवली नाही, आणि मीच त्याला एक क्वार्टर आणून दिली. मी चुकलो का?"

मी ती नोट तीनदा ऐकली. पटकन उत्तर देता येईना. म्हटलं, आधी कलनची गोष्ट नीट समजून घेऊ, मग उत्तराकडे येऊ. तर चला.

कोण हा कलन?

ड्रॅगन एज ही बायोवेअर या कॅनडातल्या स्टुडिओची गेम मालिका. पहिला भाग 'ओरिजिन्स' २००९ मध्ये आला, दुसरा २०११ मध्ये आणि तिसरा 'इन्क्विझिशन' २०१४ मध्ये. कलन रदरफर्ड या तिन्ही भागांत आहे. पहिल्यात अगदी छोटी भूमिका, दुसऱ्यात जरा मोठी, आणि तिसऱ्यात तो थेट आपल्या फौजेचा सेनापती. म्हणजे एकाच माणसाची साधारण दहा वर्षं आपण तुकड्यातुकड्यांत बघतो. गेममध्ये हे तसं दुर्मिळच.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या जगाचं नाव थेडस. इथे काही माणसं जन्मतःच जादूगार असतात. पण जादूगाराच्या अंगात राक्षस शिरू शकतो, म्हणून लोकांना त्यांची भीती वाटते. त्यांना 'सर्कल' नावाच्या बंदिस्त मनोऱ्यांत ठेवतात. त्यांच्यावर पहारा करणारे शपथबद्ध योद्धे म्हणजे टेम्प्लर. आणि या टेम्प्लरांवर हुकूम चालतो चँट्रीचा, म्हणजे तिथल्या धर्मसंस्थेचा. तिचा देव म्हणजे 'मेकर', आणि अँड्रास्टे ही त्याची प्रेषित.

कलन फरेल्डन देशातल्या होनलीथ गावचा. लहानपणापासून त्याला टेम्प्लरच व्हायचं होतं. मोठेपणा मिळेल म्हणून नाही बरं का, लोकांचं रक्षण करता येईल म्हणून. तेराव्या वर्षी घर सोडून तो प्रशिक्षणाला गेला. अठराव्या वर्षी शपथ घेतली, आणि शपथेबरोबर त्याला लिरियमचा पहिला घोट मिळाला.

लिरियम: ताकद, औषध आणि साखळी

लिरियम हे या जगातलं एक खनिज. त्यावर प्रक्रिया करून ते पितात. टेम्प्लरला त्यातून जादू निष्प्रभ करायची ताकद मिळते, असं त्यांना शिकवलं जातं. पण त्याची सवय लागते. बरीच वर्षं घेतलं की माणूस गोंधळतो, संशयी होतो, आठवणी जायला लागतात. आणि सोडलं तर? काहींना वेड लागतं, काही मरतात.

आता खरी मेख बघा. लिरियमचा पुरवठा चँट्रीच्या हातात आहे. म्हणजे जी संस्था तुम्हाला देवाचं नाव देते, गणवेश देते, आयुष्याला अर्थ देते, तीच संस्था तुमचा डोसही देते. भांडून बाहेर पडलात तर डोस बंद. पहिल्या गेममध्ये ॲलिस्टर नावाचं पात्र आहे, अर्धवट प्रशिक्षण झालेला टेम्प्लर. तो हे सरळ बोलून दाखवतो की हा सगळा टेम्प्लरांना दोरीला बांधून ठेवायचा प्रकार आहे.

तुम्ही म्हणाल, हे काय, गेमवाल्यांची कल्पना. पण तसं नाहीये. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज सरकारी रम मिळायची, आणि ती प्रथा बंद झाली ३१ जुलै १९७० ला! दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने जवानांना झोप येऊ नये म्हणून 'पेर्विटिन' नावाच्या गोळ्या वाटल्या. त्यात होतं मेथॅम्फेटामाइन. सैनिकाने लढावं म्हणून त्याला नशा पुरवायची, आणि पुढे त्याचं जे काही होईल ते त्याचं त्याने निस्तरायचं. कलन याच रांगेतला आहे. त्याचं व्यसन मित्रांच्या पार्टीत सुरू झालं नाही, ते नोकरीच्या अटींमध्ये होतं. त्यामुळे 'याला स्वतःवर ताबा नाही' असं म्हणण्याआधी डोस कोणी दिला ते विचारायला हवं.

मनोऱ्यात काय झालं

पहिल्या गेममध्ये कलन फरेल्डनच्या सर्कलमध्ये, किनलॉक होल्डच्या मनोऱ्यात, पहाऱ्यावर असतो. तरुण, लाजरा पोरगा. तुम्ही जादूगार मुलगी म्हणून खेळत असाल तर त्याला तुम्ही आवडत असता, आणि तुमच्याशी बोलताना तो चक्क अडखळतो.

मग उल्ड्रेड नावाचा ज्येष्ठ जादूगार बंड करतो आणि मनोरा राक्षसांच्या ताब्यात जातो. कलनचे साथीदार त्याच्या डोळ्यांसमोर मरतात. तो एकटा जादूच्या कुंपणात अडकतो आणि राक्षस त्याचं मन फोडायचा प्रयत्न करत राहतात. कशाने? त्याला जे हवंहवंसं वाटतं, तेच दाखवून. आपण तिथे पोचतो तेव्हा तो गुडघ्यांवर बसलेला असतो, आणि आपणही एक भासच आहोत असं त्याला वाटतं. सुटका करायला आलेला माणूस दिसतो, आणि त्याच्यावर विश्वासच बसत नाही.

वरच्या मजल्यावर अजून जादूगार जिवंत असतात. कलन म्हणतो, सगळ्यांना मारा. कुणाच्या अंगात राक्षस आहे हे ओळखणार कसं?

ट्रॉमानंतर जे घडतं त्याला मानसोपचारात पीटीएसडी म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार आला. आज त्याची लक्षणं चार गटांत मांडतात. एक, घडलेलं परत परत समोर येणं, वाईट स्वप्नं, फ्लॅशबॅक. दोन, त्या आठवणीकडे नेणारी प्रत्येक गोष्ट टाळणं. तीन, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल विचार काळवंडणं, म्हणजे 'कुणावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही' वगैरे. आणि चार, सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं, झोप न लागणं. कलनला समोर ठेवून ही यादी वाचा. जवळपास प्रत्येक खुणेवर बोट ठेवता येतं.

किर्कवॉल, आणि इथे त्याची बाजू घ्यायची नाही

अशा माणसाला काय हवं होतं? विश्रांती, उपचार, कुणीतरी ऐकून घेणारं. संस्थेने काय केलं? त्याची बदली केली, किर्कवॉल शहरात. तिथली सेनाप्रमुख मेरेडिथ, जादूगारांबाबत सगळ्यात कडक. जखमी माणसाला त्याची भीती खरीच आहे असं रोज सांगणारा साहेब मिळाला.

दुसऱ्या गेममधला कलन आवडत नाही, आणि आवडू नयेच. जादूगार तुमच्या-आमच्यासारखी माणसं नाहीत, असं तो तोंडावर म्हणतो. त्याच्या नाकाखाली जादूगारांवर अत्याचार होतात. काहींना 'ट्रँक्विल' केलं जातं, म्हणजे त्यांची जादू आणि भावना दोन्ही कायमच्या पुसून टाकतात. आणि हा तिथे दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी! मेरेडिथ पार भ्रमिष्ट झाल्यावर तो तिच्याविरुद्ध उभा राहतो खरा, पण शेवटच्या क्षणी. तोवर बरीच वर्षं गेलेली असतात.

बऱ्याच फॅन मंडळींना इथे पटकन म्हणायचं असतं, "अरे, त्याने काय काय भोगलंय ते बघ ना." भोगलंय, मान्य. पण ज्या जादूगारांनी त्याला छळलं ते किर्कवॉलमध्ये नव्हतेच. तिथल्या पोरांनी त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. तो असा का झाला, ते ट्रॉमामुळे कळतं. त्याने ज्यांचं नुकसान केलं त्यांचा हिशेब मात्र त्यामुळे मिटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तिसऱ्या गेममध्ये कलन स्वतः हे ओळखतो, आणि त्याची लाज त्याला पोखरत असते. अशा जखमेला 'मॉरल इंज्युरी' म्हणतात. जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर काम करताना नव्वदच्या दशकात ही कल्पना पुढे आणली. सोप्या भाषेत सांगायचं तर पीटीएसडीचं मूळ बहुतेक वेळा भीतीत असतं, आणि मॉरल इंज्युरीचं 'आपल्या हातून, किंवा आपल्यादेखत, चुकीचं घडलं' या जाणिवेत. कलनकडे दोन्ही आहेत.

पेटी

इन्क्विझिशनमध्ये तो टेम्प्लरपण सोडतो आणि लिरियमही बंद करतो. कुणी सांगितलं म्हणून नाही. त्या आयुष्याशी आता बांधून राहायचं नाही म्हणून.

आणि एक फार शहाणपणाची गोष्ट करतो. कॅसँड्रा नावाच्या सहकारी योद्धीला सांगून ठेवतो की माझ्यावर लक्ष ठेव, मी कामाला लायक राहिलो नाही असं वाटलं तर मला बाजूला कर. पुढे आपल्यालाही, म्हणजे इन्क्विझिटरलाही, सगळं सांगतो. लपवाछपवी नाही.

मग एक दिवस त्रास वाढतो. तो कॅसँड्राकडे जातो आणि म्हणतो, माझ्या जागी दुसरा माणूस सुचव. ती नकार देते. तिला वाटतं, हा निभावून नेईल. आपण त्याच्या खोलीच्या दारात पोचतो, आणि नेमकी तेव्हाच त्याने भिरकावलेली लिरियमची पेटी आपल्या शेजारी येऊन फुटते. तो ओशाळतो, माफी मागतो. आणि मग मनोऱ्यात काय घडलं ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतो. त्याचा मुद्दा ऐका: एवढे लोक माझ्यावर अवलंबून आहेत, मी त्यांच्यासाठी पूर्ण ताकद द्यायला नको का? मग घ्यावंच का परत?

व्यसन असंच बोलतं. 'मला हवंय' असं ते कधीच म्हणत नाही. ते म्हणतं, कामासाठी लागतंय, घरच्यांसाठी लागतंय, उद्या महत्त्वाचा दिवस आहे ना.

आणि स्क्रीनवर आपल्यासमोर निवड येते. घे, किंवा घेऊ नकोस.

सॅमसन, म्हणजे दुसरा कलन

कलनच्या शेजारी गेमने एक माणूस उभा केलाय, सॅमसन. हाही किर्कवॉलचा टेम्प्लर. त्याचा गुन्हा काय, तर मॅडॉक्स नावाच्या जादूगाराची प्रेमपत्रं गुपचूप त्याच्या प्रेयसीला पोचवली! मॅडॉक्सला ट्रँक्विल केलं आणि सॅमसनला हाकललं. लिरियम बंद. दुसऱ्या गेममध्ये तो गल्लीत लिरियमसाठी हात पसरत फिरताना दिसतो. तिसऱ्या गेममध्ये, आपण जादूगारांशी हातमिळवणी केली असेल तर, तो शत्रूचा सेनापती म्हणून समोर येतो, विषारी लाल लिरियमने भरलेला.

गंमत बघा. सुरुवातीला सॅमसनच जास्त दयाळू होता. कलन जादूगारांना माणूस मानत नव्हता, तेव्हा हा त्यांची पत्रं पोचवत होता. मग एक सावरला आणि दुसरा बुडाला, हे चारित्र्यामुळे झालं का? मला नाही वाटत. कलनने स्वतःच्या मर्जीने सोडलं, तेव्हा त्याच्या हाताला काम होतं, डोक्यावर छप्पर होतं (त्याच्या छपराला मोठं भोक आहे, पण असो), आणि शेजारी कॅसँड्रा होती. सॅमसनकडून ते हिसकावून घेतलं, आणि त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं.

आणि देवाचं काय?

माझ्या मते गेमने सगळ्यात चांगलं काम इथे केलंय. अशा गोष्टींचे दोन ठरलेले शेवट असतात. एक तर 'देवावर विश्वास ठेवला आणि सगळं बरं झालं', नाहीतर 'धर्माने फसवलं, म्हणून देवच सोडला'. कलन यातलं काहीच करत नाही. तो लिरियम सोडतो, ऑर्डर सोडतो, पण प्रार्थना सोडत नाही. स्कायहोल्ड किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनागृहात तो अँड्रास्टेच्या मूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेला दिसतो. आता तिथे कुणाचा हुकूम नाही, आणि प्रार्थनेच्या बदल्यात डोसही नाही.

त्याच्याकडे एक नाणं असतं. घर सोडून निघाला तेव्हा धाकट्या भावाने दिलेलं. टेम्प्लरने असल्या वस्तू बाळगायच्या नसतात, श्रद्धा पुरेशी असायला हवी, असा तिथला विचार. तरी त्याने ते इतकी वर्षं जपलं. आणि तो सांगतो की फरेल्डनमधून आणलेली, टेम्प्लरांनी न दिलेली, त्याच्याकडची ही एकच गोष्ट. (हा प्रसंग रोमान्स केलात तरच दिसतो.)

मला वाटतं कलनचं बरं होणं म्हणजे ही निवडानिवड आहे. तलवार, हुद्दा, लिरियम आणि जादूगारांबद्दलची भीती त्याला संस्थेने दिली. रक्षण करायची इच्छा, प्रार्थना, भावाचं नाणं आणि 'पत्र का लिहीत नाहीस' म्हणून रागावणारी मोठी बहीण मिया, हे त्याचं स्वतःचं. पहिला ढीग बाजूला करताना दुसरा फेकून द्यायची गरज नसते.

आपल्याकडे हे अनोळखी नाहीये. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी उदाहरणं गावोगाव सापडतात. पण माळ एकटी येत नाही. तिच्याबरोबर भजन येतं, दिंडी येते, आणि बाजूला चालणारा माणूस येतो, ज्याला तुम्ही माळ घातलीये हे माहीत असतं. त्या माणसाचं काम कॅसँड्राचंच आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्येही तेच दिसतं. आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा आहेच, पण सोबत एक खोली आणि त्या खोलीत तोच त्रास भोगलेली माणसं आहेत. श्रद्धा आधार देते, पण उपचाराची जागा घेऊ शकत नाही. 'देवाचं कर, आपोआप सुटेल' असं म्हणून घरचे मोकळे झाले, तर तो माणूस पुन्हा एकटाच पडतो.

तिसरं बटण

आता, मित्रा, तुझ्या प्रश्नाकडे येतो.

गेमने तुला दोनच बटणं दिली. परत घे, किंवा दात-ओठ खाऊन सहन कर. गेम म्हणून ते चालतं. पण खऱ्या आयुष्यात ही मांडणी धोक्याची आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका झटक्यात दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणजे तुझ्या भावाची जी अवस्था तुला बघवली नाही, ती कदाचित नाटक किंवा कमकुवतपणा नव्हती. तो वैद्यकीय प्रसंग होता. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य औषधं देऊन हाताळतात.

आणि औषध घेतलं म्हणजे हरलो असंही नाही. अफूवर्गीय नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं जगभर वापरतात, आपल्या देशातही सरकारी केंद्रांत देतात. 'काहीही न घेता सोडलं तरच खरं सोडलं' हे सिनेमात आणि गेममध्ये शोभतं. दवाखान्यात मोजमाप वेगळं असतं: माणूस जिवंत आहे का, आणि उद्याही येणार आहे का.

म्हणून तू चुकलास का, तर बघ, ती क्वार्टर हा उपाय नव्हता, हे तुलाही कळतंय. पण तू ती दुष्टपणे आणली नाहीस. त्या रात्री तुझ्यासमोर दोनच बटणं होती, कारण तिसरं कुणी दाखवलंच नव्हतं. आता माहीत झालंय. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला, तर फोनवर बोलत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

ट्रेसपासरमध्ये, कलन लिरियमपासून लांब राहिला असेल तर, एका शेवटात तो माजी टेम्प्लरांसाठी आसरा उभा करतो, जिथे राहून त्यांना लिरियम सोडता येईल. जे सॅमसनला मिळालं नाही, ते तो इतरांसाठी तयार करतो. आणि हो, त्याच्याकडे एक कुत्राही येतो. त्या सीनला मी रडलो होतो, कबूल करतो.

भावाशी बोल. सल्ला द्यायला नको. नुसतं विचार, "त्या रात्री तुला नक्की काय होत होतं?" आणि तो बोलेल तेवढं ऐकून घे. मग दोघं मिळून फोन करा. काय झालं ते नंतर कळव, व्हॉइस नोट चालेल.

बाकीच्यांनी हा एपिसोड कुणाला पाठवावासा वाटला तर पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.